पऱ्हाटी कुणाची, संशोधन कुणाचं?



कापसाचा शेवटचा वेचा झाला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या गावांत, एक काम सुरू होतं. त्याला मजुरी नाही आणि कुठल्याही सरकारी नोंदीत त्याचं नाव नाही. पऱ्हाट्या गोळा करायच्या, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून घरी आणायच्या आणि पावसाळ्याच्या आत त्यांची गंजी रचायची. तूर निघाली की तुराट्यांचंही तेच. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजूर बाईलाही शेतमालक ‘घेऊन जा’ म्हणतो, कारण त्याचं रान मोकळं होतं. अशी वर्षाच्या जळणाची सोय होते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, टाक्या घरोघर पोचल्या. पण टाकी भरून आणायला पैसे लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या शंभर घरांपैकी फक्त ४३ घरं स्वयंपाकासाठी प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरत होती. बाकीच्या घरांची भिस्त लाकूड, काटक्या, गोवऱ्या अशा जळणावरच होती.

या पऱ्हाटीवर सरकारी पैशातून संशोधन झालेलं आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था मुंबईत १९२४ पासून आहे. नागपुरातही तिचं केंद्र आहे. पऱ्हाटीचा भुगा करून, यंत्रात प्रचंड दाबाखाली त्याचा कांडी कोळसा किंवा पेलेट म्हणजे लहान गोळ्या बनवण्याच्या तंत्रावर या संस्थेने काम केलं. दाबामुळे भुगा तापतो, लाकडातलाच एक घटक मऊ होऊन तो एकमेकांना धरून ठेवतो, वेगळा चिकटा घालावा लागत नाही. हे तंत्र लहान उद्योजकांनी उचलावं यासाठी प्रशिक्षणही दिलं जातं. २०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर ठरावीक प्रमाणात असा शेतीतला काडीकचरा जाळण्याचं बंधन घातलं. म्हणजे मालाला गिऱ्हाईकही ठरलं.

वाया जाणाऱ्या वस्तूपासून ऊर्जा, गावात कारखाना, शेतकऱ्याला चार पैसे. वरवर पाहता यात वाईट काहीच नाही, आणि माझा या संशोधनाला विरोधही नाही. माझा आक्षेप ‘वाया जाणाऱ्या’ या शब्दाला आहे. पऱ्हाटी वाया जात होती असं कुणी ठरवलं? बांधावर जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या आहेतच. पण चुलीत जाणारी पऱ्हाटी वाया गेलेली नसते, तिच्यावर घर जेवलेलं असतं. फक्त त्या व्यवहारात पैसा नाही आणि तो बाई करते, म्हणून तो हिशोबात येत नाही.

आणि पऱ्हाटीला भाव आला की काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची होईल. ‘घेऊन जा’ म्हणणारा ‘किती देतेस’ म्हणेल. पैसे मालकाच्या खात्यात जातील, आणि मजूर बाई जळणासाठी आणखी लांब चालेल किंवा मजुरीतून जळण विकत घेईल. आपण पाणी, गायरान आणि जंगल यांच्या बाबतीत हे पाहिलेलं आहे.

सरकारी ऊर्जा-संशोधनात बाईला ‘लाभार्थी’ म्हणून उभं करण्याची रीत जुनी आहे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशभरात तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. किती चुली बसवल्या याचे आकडे ठेवले गेले. किती चुली वर्षभरानंतर पेटत होत्या, हा प्रश्न मागे पडला. धुराडं काजळीने तुंबलं तर साफ कुणी करायचं? ओंडक्यांसाठी बेतलेल्या चुलीत भुर्रकन जळणारी काटकी सतत सारत बसावी लागते, मग बाईने भाकरी कधी थापायची? हे प्रश्न रोज चुलीपुढे बसणारीला पहिल्याच दिवशी पडले असते. तिला आधी विचारलं असतं, तर पैसाही वाचला असता आणि फुप्फुसंही. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता पैशाची वाट पाहू. लहान उद्योगांना संशोधनासाठी सरकारने पैसा द्यावा, ही कल्पना अमेरिकेने १९८२ साली कायद्यात आणली. आधी कल्पना तपासायला थोडा पैसा, ती टिकली तर पुढच्या कामाला जास्त. या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत स्त्रियांचा सहभाग वाढवणं हेही लिहिलेलं होतं; तरी तो कमीच राहिल्याचं तिथल्याच राष्ट्रीय अकादमींच्या २०१५ च्या अहवालात नमूद आहे. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये त्याच धर्तीवर योजना सुरू केली. पुढे नमुना-यंत्र बनवण्यासाठी दहा लाखांपर्यंत मदत देणारी ‘निधी-प्रयास’ योजना आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाजगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऊर्जा आणि प्रगत तंत्रज्ञान हे त्यातले महत्त्वाचे विषय आहेत.

या दारांतून आत जायला काय लागतं? नोंदलेली कंपनी, इंग्रजीतला प्रस्ताव, शहरातल्या एखाद्या संस्थेचा आसरा. खास बायकांसाठी म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आणली, तिच्यातही आधीची उलाढाल किमान दहा लाखांची हवी अशी अट घातली. मेहकर-लोणारच्या बचत गटातली बाई ही उलाढाल कुठून आणणार?

बायांना यंत्र झेपत नाही, हे मात्र कुणी सांगू नये. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायांनी आधी सौर दिवे जोडले आणि मग आयआयटी मुंबईच्या तांत्रिक साथीने सौर पॅनेल बनवणारी स्वतःची कंपनी उभी केली. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगर भागात बाया सौर वाळवणयंत्रांवर कांदा, आलं वाळवून विकतात. ते यंत्र घडवणाऱ्या कंपनीला २०२३ मध्ये ‘अर्थशॉट’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी भौतिकशास्त्र शिकून चुलीवर आणि काडीकचऱ्याच्या कोळशावर काम केलं, स्वतःचा उद्योग काढला. तरीही एक भेद लक्षात ठेवायला हवा. यंत्रावर काम करणारी बाई आणि यंत्राची मालकीण बाई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. बचत गट, ग्रामसंघ आणि माविमची लोकसंचालित साधन केंद्रं यांना संशोधनाच्या निधीसाठी थेट पात्र धरा. कंपनीची अट पहिल्या टप्प्यावर नको. काडीकचऱ्यावर चालणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाला पैसा देण्याआधी त्या गावात आज ते जळण कोण वापरतं, याची पाहणी करा आणि भूमिहीन बायांचा वाटा राखून ठेवा. यंत्राची चाचणी प्रयोगशाळेत झाली तरी ती वापरणाऱ्या बायांच्या हाताखालीही होऊ द्या, आणि त्या दिवसांची मजुरी द्या. कोणत्या जिल्ह्यात, किती स्त्रियांच्या उद्योगांना किती निधी मिळाला, हे दरवर्षी जाहीर करा.

हा शेवटचा आकडा मिळवायला आपण आजच सुरुवात करू शकतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हातात आहे. प्रत्येक गटाने एक अर्ज करावा. आणि गावात एक साधी पाहणी करावी: जळण कोण आणतं, कुठून, किती वेळ लागतो, कारखाना पऱ्हाटी विकत घेऊ लागला का, पैसे कुणाच्या हातात पडले. १८८२ साली याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून समाजाला उघड हिशोब विचारला होता. आपणही आपला हिशोब कागदावर मांडू. तुमच्या पाहण्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या छापू आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढेही ठेवू.