अरंगेत्रमनंतर बडोदा

मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला एकल नृत्यकार्यक्रम, असलं की घर हात आखडत नाही. सभागृह, साथीदार, कांजीवरम, दागिने, पाहुण्यांचं जेवण, सगळं हौसेनं होतं. पण तीच मुलगी बारावीनंतर ‘मला नृत्यातच पदवी घ्यायची आहे’ म्हणाली, की तेच आईवडील म्हणतात, ‘नाच कर की, पण आधी बी.कॉम. कर.’ अशा पालकांना माझी विनंती आहे. निर्णय देण्याआधी तिला घेऊन एकदा बडोद्याला जा.

सूरसागर तळ्यापाशी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. १८८६ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेतून ती वाढली. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि नृत्याचा पदवी अभ्यासक्रम देशात सर्वांत आधी सुरू झाला त्या जागांत बडोदा आहे. मोहन खोकर इथले पहिले नृत्यविभागप्रमुख. कथकसाठी जयपूर घराण्याचे सुंदरलाल गंगाणी होते.

भरतनाट्यम मात्र बडोद्यात विद्यापीठाच्या कितीतरी आधी पोचलं होतं. सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या मोहित्यांच्या. १८८० मध्ये लग्न झालं आणि त्या संबंधातून तंजावरचे नर्तक-वादक बडोद्याच्या दरबारात आले. त्यांच्याच कुळातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे विद्यापीठात शिकवू लागले. या घराण्यांत नुसतं नाचता येऊन भागत नसे. गाणं यावं लागे, ताल अंगात मुरावा लागे, टाळ हाती घेऊन नट्टुवांगम, म्हणजे नाचणाऱ्याला ताल देणं, जमावं लागे, दुसऱ्याला शिकवता यावं लागे. पोट त्या सगळ्यावर चाले.

विद्यापीठात जायचं ते यासाठी. खासगी क्लासमध्ये मुलगी रचना शिकते: अलारिपू, वर्णम, तिल्लाना. त्या रचना उभ्या कशा राहतात हे शिकायला वेळ लागतो. संगीत, तालशास्त्र, नाट्यशास्त्र आणि अभिनयदर्पण, नृत्यरचना, रोजचा रियाज यांना पदवीची चार वर्षं जास्त नाहीत. इथे अनेक वर्षं शिकवणारे सी. व्ही. चंद्रशेखर वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी. होते, ते नाचत, गात आणि संगीतरचनाही करत. म्हणून दुसरी पदवी घ्यायला हरकत नाही, पण तिच्यासाठी नृत्याचं शिक्षण रविवारपुरतं करू नका.

मराठी मुलांना तर एक काम वाट पाहत बसलं आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे एकेका विषयावरच्या गीतमाला, रचली. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊही त्याच दरबारातले. आजचा मार्गम, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला रचनांचा क्रम, त्यांनी बांधला. ती मराठी निरूपणं समजून रंगमंचावर आणायला मराठी जाणणारा, शिकलेला नर्तक हवा.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. फक्त कार्यक्रमांवर घर चालवणारे नर्तक फार थोडे. बाकीच्यांची कमाई शिकवण्यातून, शाळेतल्या नोकरीतून, नृत्यरचनेतून, दुसऱ्यांच्या कार्यक्रमात नट्टुवांगम करण्यातून येते. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर सहसा पदव्युत्तर पदवी आणि नेट परीक्षा लागते. नेटला नृत्याचा विषय आहे. तेव्हा मुलांनो, तिसऱ्या वर्षापासून लहानांना शिकवायला लागा, आणि टाळ हातात धरायला लाजू नका.

बडोदा जमत नसेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा आहे. कुठेही जा, पण माहितीपत्रकावर विसंबू नका. कोण शिकवतं, रोज किती तास उभ्यानं काम होतं, गायक-वादक वर्गात असतात की रेकॉर्डिंगवर भागवतात, पायाखाली जमीन कसली आहे, हे विचारा. टणक फरशीवर वर्षानुवर्षं पाय आपटले तर गुडघे जातात. शिकून गेलेल्या दोघातिघांना भेटा, ते आज काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका.

आणि अरंगेत्रम साधं करा. वाचलेले पैसे तिच्या पदवीसाठी ठेवा.