‘शॅल’-‘विल’चें थोतांड

गेल्या महिन्यांत माझी एक भाची चार दिवसांसाठीं आमच्या घरीं राहावयास आली होती. ती आठव्या इयत्तेंत शिकते. एके दिवशीं संध्याकाळीं तिनें आपली इंग्रजीची वही माझ्यापुढें ठेवली आणि विचारलें, “मामा, ह्यांत माझें चुकलें कोठें?” भाषांतरासाठीं दिलेलें वाक्य अगदीं साधें होतें : ‘गाडी उद्यां सकाळीं सहा वाजतां सुटते.’ तिनें लिहिलें होतें, ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो मॉर्निंग.’ ह्या वाक्यावर तांबड्या शाईची फुली मारून शिक्षकांनीं दुरुस्ती केली होती : ‘विल लीव्ह’. समासांत शेरा होता कीं, ‘उद्यां’ आला म्हणजे भविष्यकाळ आणि भविष्यकाळ आला म्हणजे ‘विल’. त्याच पानावर थोडें खालीं ‘आय विल राइट टु यू’ ह्या वाक्यांतील ‘विल’ खोडून तेथें ‘शॅल’ घातलें होतें.

मुलीचीं दोन्ही वाक्यें निर्दोष आहेत. ठरलेल्या वेळापत्रकाची गोष्ट इंग्रज मनुष्य वर्तमानकाळांतच सांगतो, जसें आपणहि ‘सुटते’ असेंच म्हणतों. ‘विल लीव्ह’ म्हटल्यानें वाक्य बिघडत नाहीं हें खरें. पण जें मुळांतच शुद्ध होतें त्यावर फुली कां? दुसऱ्या वाक्याचें मूळ मराठी होतें, ‘मी तुला पत्र लिहीन.’ हें भविष्यकथन नव्हे, हें वचन आहे. आणि वचन द्यावयाचें असेल तर प्रथम पुरुषीं ‘विल’च योजावें, असें ज्या नियमाच्या नांवानें ही दुरुस्ती केली त्या नियमांतच सांगितलेलें आहे! ज्या कलमाखालीं शिक्षा ठोठावली तें कलम न्यायाधीशानेंच पुरतें वाचलेलें नव्हतें.

एका वहींतील दोन फुल्यांवरून एवढा गहजब कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर असें कीं, हा शेरा एका शिक्षकाचा नाहीं, एका परंपरेचा आहे. त्या शिक्षकांना मी दोष देत नाहीं. त्यांनाहि कोणीं तरी हेंच शिकविलें असेल. मलाहि हेंच शिकविलें होतें, आणि अध्यापनाच्या पहिल्या कांहीं वर्षांत मींहि अशाच फुल्या निःशंकपणें मारल्या. ज्यांच्या वह्यांवर त्या पडल्या ते विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकले असतील. हा लेख म्हणजे थोडेंबहुत त्यांच्यापुढें दिलेला कबुलीजबाबहि आहे.

हा नियम आला कोठून? इ. स. १६५३ मध्यें जॉन वॉलिस यानें लॅटिन भाषेंत इंग्रजीचें एक व्याकरण प्रसिद्ध केलें. हा ऑक्सफर्ड येथील भूमितीचा अध्यापक. अनंताचें आज रूढ असलेलें चिन्ह गणितांत आणणारा म्हणूनच तो अधिक प्रसिद्ध आहे. परकीयांच्या सोयीसाठीं त्यानें लिहून ठेवलें कीं, प्रथम पुरुषीं ‘शॅल’ हें नुसतें भविष्य सांगतें व ‘विल’ हें वचन देतें किंवा धाक घालतें. द्वितीय व तृतीय पुरुषीं ह्याच्या उलट. अठराव्या शतकांत विल्यम वॉर्ड यानें १७६५ सालीं हें सूत्र विस्तारानें मांडलें, आणि लिंडली मरे याच्या १७९५ सालच्या व्याकरणानें तें शाळाशाळांतून नेऊन पोहोंचविलें. तेथून तें आपल्याकडे आलें आणि आपल्या वर्गांतून त्याला वेदवाक्याचें मोल चढलें.

पण वॉलिसच्या आधीं आणि वॉलिसच्या नंतर लोक काय बोलत होते? चौदाव्या शतकांत विक्लिफच्या परंपरेंत बायबलाचें जें भाषांतर झालें, त्यांत लॅटिन भविष्यकाळासाठीं बहुधा सर्वच पुरुषीं ‘शॅल’ घातलें आहे, आणि ‘विल’ मुख्यत्वें इच्छेसाठीं राखून ठेवलें आहे. वॉलिसच्या नंतर पाहावें, तर स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथें हा नियम लोकांच्या तोंडीं कधीं रुजलाच नाहीं. १९०६ सालीं फाउलर बंधूंनीं ‘द किंग्ज इंग्लिश’ ह्या ग्रंथांत ह्या दोन शब्दांसाठीं पानेंच्या पानें खर्चिलीं, आणि तेथेंच मान्य केलें कीं दक्षिण इंग्लंडांत जन्मलेल्यास ही गोष्ट उपजत येते व इतरांस ती साधणें जवळजवळ अशक्य. जें एडिंबरोच्या विद्वानास साधत नाहीं तें सांगलीच्या मुलीस साधलें नाहीं म्हणून तिचा गुण कापावयाचा! पुढें १९२५ मध्यें चार्ल्स फ्राइज ह्या अमेरिकन पंडितानें नाटकांतील संवाद मोजून दाखवून दिलें कीं, प्रथम पुरुषींहि ‘विल’चाच वापर अधिक आहे. आणि निश्चयासाठीं प्रथम पुरुषीं ‘विल’च हवें म्हणावें, तर १९४० च्या जूनमध्यें चर्चिल यांनीं लढत राहण्याची जी प्रतिज्ञा पार्लमेंटांत केली ती ‘शॅल’नेंच केली, १९४२ मध्यें फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियांत आलेल्या सेनापति मॅकार्थर यांनीं परत येण्याचें वचन दिलें तेंहि ‘शॅल’नेंच. त्यांच्या निश्चयाविषयीं शत्रूलाहि शंका आली नाहीं.

नियमाचे कैवारी एक जुनी गोष्ट सांगतात. एक परका मनुष्य पाण्यांत बुडत होता. तो ओरडला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ ‘मी बुडणारच, कोणीं मला वाचवतां कामा नये’ असा अर्थ घेऊन कांठावरच्या इंग्रजांनीं त्यास बुडूं दिलें. गोष्ट रचलेली आहे हें उघड आहे. खरोखर कोणी असा ओरडला असता, तर त्याचा अर्थ कांठावरच्या पोरालाहि कळला असता. नियमाच्या समर्थनासाठीं ज्यांना अशी गोष्ट रचावी लागते त्यांच्या हातीं दुसरा पुरावा नाहीं, एवढेंच तिच्यावरून सिद्ध होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ‘विल’ हा भविष्यकाळ आहे काय? प्राचीन इंग्रजींत भविष्यकाळाचें स्वतंत्र रूप नव्हतें. वर्तमानकाळावरच भविष्याचें काम भागे. ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छिणें’, आणि ‘शॅल’चा ‘देणें लागणें’. मृत्युपत्राला इंग्रजींत ‘विल’ म्हणतात त्यांत हीच इच्छा आहे. भाषाशास्त्रज्ञ तिचा संबंध संस्कृतांतील ‘वरणें’ ह्या अर्थाच्या ‘वृ’ धातूशीं जोडतात. म्हणजे इंग्रज मनुष्य उद्यांविषयीं बोलूं लागला तो इच्छेच्या किंवा ऋणाच्या शब्दांत. तो मूळ रंग अजूनहि पुरा उडालेला नाहीं. म्हणूनच येस्पर्सन यांच्यासारख्या थोर व्याकरणकारानें इंग्रजीला खरा भविष्यकाळ नाहीं असें मत मांडलें. ह्या मताविरुद्ध बोलणारे विद्वान् आहेत, हें मी लपवीत नाहीं. पण ‘भविष्य म्हणजे विल आणि विल म्हणजे भविष्य’ हें समीकरण त्यांच्यापैकींहि कोणी मांडणार नाहीं.

कारण दारावर थाप पडली असतां इंग्रज ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतो, तेव्हां तो उद्यांविषयीं बोलत नसतो. ‘टपालवाला असेल’ असा आतांचाच तर्क करीत असतो. ‘ऑइल विल फ्लोट ऑन वॉटर’ म्हणजे ‘तेल पाण्यावर तरंगतें’. ती वस्तूची प्रकृति झाली. ‘द डोअर विल नॉट ओपन’ म्हणजे ‘दार उघडेना’; तेथें जणूं दाराचा हट्ट आहे. ह्या तिन्हींत ‘विल’ आहे आणि भविष्यकाळ एकांतहि नाहीं. उलट, गाडी उद्यां सुटते, मी परवां मुंबईस जात आहें, आकाश पाहतां पाऊस पडणार, ह्या तिन्ही गोष्टी भविष्यांतल्या असून त्यांतील एकीलाहि इंग्रजींत ‘विल’ची जरुरी नाहीं.

ह्यांत मराठी माणसाला अवघड असें काय आहे? आपल्या भाषेंत हीच सामग्री विपुल आहे. ‘येईन’ ह्यांत वचन आहे, ‘येणार’ ह्यांत ठरलेला बेत आहे, आणि हांक आल्याबरोबर ‘आलोंच’ म्हणणारा मनुष्य अजून जागचा हललेलाहि नसतो. भूतकाळाच्या रूपानें तो भविष्याची हमी देतो. घरांतून बाहेर पडतांना ‘जातों’ असें न म्हणतां आपण ‘येतों’ म्हणतों. पाणिनीनें तर हें शास्त्रांतच बसविलें आहे : जें वर्तमानाच्या अगदीं जवळ आहे तें भविष्य वर्तमानासारखें बोलावें, आणि आशेच्या ठिकाणीं भूतकाळाचें रूपहि चालावें, अशी मुभा त्यानें अष्टाध्यायींत दिली आहे. ज्यांच्या पूर्वजांनीं काळ आणि रूप ह्यांतील भेद एवढ्या बारकाईनें पाहिला, त्यांच्या मुलांना ‘उद्यां दिसला कीं विल घाला’ असें शिकवावें, ही लाजेची गोष्ट आहे.

ह्या शिकवणुकीचा सर्वांत वाईट परिणाम निराळाच आहे. महाविद्यालयांत येणारीं मुलें ‘इफ इट विल रेन, आय विल नॉट कम’ असें सर्रास लिहितात, आणि आम्ही अध्यापक मान हलवून म्हणतों, मातृभाषेचा परिणाम! हा मातृभाषेवर धडधडीत अन्याय आहे. मराठी मनुष्य ‘पाऊस पडला तर मी येणार नाहीं’ असें म्हणतो. ‘पडेल तर’ असें सहसा म्हणत नाहीं. अटीच्या वाक्यांत भविष्यकाळ नको, हें मराठीचा कानच सांगतो आणि इंग्रजीहि तेंच सांगते. मग तेथें ‘विल’ घुसविलें कोणीं? ज्या नियमानें माझ्या भाचीच्या वाक्यावर फुली मारली त्यानेंच. ‘तो येईल तेव्हां सांगेन’ असें आपण म्हणतों, म्हणून ‘व्हेन ही विल कम’ ह्या चुकींत मराठीचा वांटा आहे हें मला मान्य आहे. पण ‘इफ’ची चूक सर्वस्वी पुस्तकाची आहे, आणि तिचें खापर आम्हीं आईच्या भाषेवर फोडलें आहे.

उलट दिशेनेंहि हें विष पसरत आहे. ‘यू विल रिपोर्ट ॲट टेन’ ही इंग्रजींत आज्ञा आहे. तिचें मराठी ‘आपण दहा वाजतां हजर राहावें’ असें होतें. पण ‘विल’ म्हणजे ‘ईल’ हें ज्याच्या डोक्यांत लहानपणींच ठोकलें आहे तो ‘आपण दहा वाजतां हजर राहाल’ असें लिहून मोकळा होतो, आणि ती आज्ञा कीं ज्योतिष हें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें. ‘कळविण्यास आनंद वाटतो’ ह्याच्या जागीं ‘आपणांस हें जाणून आनंद होईल’ आलें तेंहि ह्याच वाटेनें.

येथें प्रतिपक्षाचा एक चांगला प्रश्न मला ऐकूं येतो : “इंग्रजींत प्रथम पुरुषाचा वेगळेपणा आपण सोडून देतां, मग ‘मी करेल’, ‘मी जाईल’ असें बोलणाऱ्या मराठी मुलाला कां टोकतां?” मी टोकतों हें खरें, आणि हा प्रश्न मला बोचतोहि. परंतु ‘करीन’ हें रूप कोणा गणितज्ञानें परकीयांसाठीं रचलेलें नाहीं. तें शतकानुशतकें आयांनीं मुलांना बोलून शिकविलें आहे आणि आजहि लाखों घरांत तें जिवंत आहे. ज्या घरांत तें मावळलें आहे तेथल्या मुलाला मूर्ख ठरवूं नये. लेखनांत ‘करीन’ रूढ आहे एवढें त्याला सांगावें. मीं टोकलें तें पुष्कळदां ह्याहून कठोर शब्दांत, आणि तें चुकलें.

“आरंभींच्या मुलांना कांहीं तरी सोपा नियम हवाच ना?” असें व्यवहारी शिक्षक विचारतील. हवा, पण सोपा म्हणजे खोटा नव्हे. सोपें सत्य सांगतां येतें. ठरलेल्या वेळापत्रकाला साधा वर्तमान. आपण केलेल्या योजनेला चालू वर्तमान. दिसत असलेल्या चिन्हांवरून किंवा आधींच केलेल्या बेताला ‘गोइंग टु’. आणि बोलणाऱ्याचा तर्क, वचन किंवा त्या क्षणींचा निश्चय असेल तर ‘विल’, मग पुरुष कोणताहि असो. ‘शॅल’ हें ‘शॅल वी गो?’ अशा विचारणेंत आणि कायद्याच्या भाषेंत भेटेल तेव्हां ओळखावें, म्हणजे पुरे. ह्या चार ओळी फळ्यावर मावतात, आणि प्रत्येकीच्या शेजारीं तिचा मराठी जोडीदार लिहितां येतो : सुटते, जात आहें, पडणार, येईन.

माझी मागणी मोठी नाहीं. परीक्षकांनीं ‘आय विल’ ह्या प्रयोगासाठीं एकहि गुण कापूं नये. वेळापत्रकाच्या वाक्यांत साधा वर्तमान लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावे. आणि भाषांतराच्या तासाला फळ्यावर इंग्रजी रूप लिहिण्याआधीं मुलांना एवढेंच विचारावें : हें वाक्य बोलणारा अंदाज करतो आहे, वचन देतो आहे, कीं ठरलेली गोष्ट सांगतो आहे? हा प्रश्न मराठींत विचारावा, कारण त्याचें उत्तर मुलांना मराठींत येतें.

भाचीला मीं सांगितलें, तुझीं दोन्ही वाक्यें बरोबर आहेत. ती म्हणाली, “मग मी परीक्षेंत काय लिहूं?” ह्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. तिला बरोबर लिहावयास सांगितलें तर गुण जातात. चूक लिहावयास सांगण्याचा धीर होत नाहीं. हें उत्तर तिच्या शिक्षकांनीं, आणि परीक्षेचे कागद तपासणाऱ्या आम्हां सर्वांनीं द्यावयाचें आहे.