आज्ञाधारकांचा हिशेब

टाळेबंदीच्या दिवसांविषयी सुशिक्षितांच्या बैठकीत बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपल्याकडचे लोक ऐकतच नाहीत.’ आम्ही व्यवसायाने मराठीचे अध्यापक असल्यामुळे वाक्याच्या कर्त्याकडे आमचे लक्ष आधी जाते. या वाक्यातला कर्ता ‘लोक’ आहे खरा, परंतु वाक्य उच्चारणारा स्वतःला त्या लोकांत धरत नाही. त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होत होता, घरात धान्य होते, आणि बाहेर जाण्याची निकड भाजीपुरतीच होती. अशा माणसाला आज्ञापालन हा सद्गुण वाटावा यात नवल नाही. आमचे म्हणणे मात्र या वाक्याच्या नेमके उलट आहे. लोकांनी ऐकले. ज्यांना ऐकणे परवडत नव्हते त्यांनी तर अधिकच ऐकले, आणि त्या ऐकण्याची किंमत कोणी किती मोजली याचा हिशेब आजतागायत कोणी मांडलेला नाही.

पुणे-सातारा महामार्गावर खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकला की थोड्याच वेळात वरवे बुद्रुक लागते. भोर तालुक्यातल्या या पट्ट्याचे निम्मे जगणे या रस्त्यावर अवलंबून आहे. हॉटेले, चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकाने, मोसमात करवंदे-जांभळे घेऊन कडेला बसणाऱ्या बाया, सकाळी पुण्याकडे जाणारे दूध आणि त्याच सुमारास कामावर निघणारी पोरे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. २३ मार्चला राज्यात संचारबंदी लागू झाली, आणि २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी त्याच मध्यरात्रीपासून देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. चार तासांत हा रस्ता थांबला. ज्या महामार्गाच्या आवाजाशिवाय रात्र कशी असते हे इथल्या पंचविशीतल्या माणसाला ठाऊक नव्हते, तो गप्प झाला. कोणी दगड मारला नाही, मोर्चा काढला नाही. टपरीवर ताडपत्री टाकून माणसे घरी गेली आणि बसून राहिली. यास न ऐकणे म्हणायचे असेल तर ऐकणे कशास म्हणावे?

आणि नियम मोडले कोणी? २२ मार्चच्या जनता कर्फ्यूत संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवत काही ठिकाणी चक्क मिरवणुका निघाल्या. त्यांत मजूर किती होते आणि सोसायट्यांतले सभासद किती, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वाधवान उद्योगपती कुटुंबातील तेवीस जण मोटारींच्या ताफ्यातून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले, तेही गृह विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र खिशात घेऊन. खंडाळ्याहून महाबळेश्वरची सरधोपट वाट वरव्यावरूनच जाते. त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते पुण्याचे पोलीस आयुक्त म्हणून रुजू झाले. मोटारसायकलवरून औषध आणायला निघालेल्या पोराला चौकात उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत मात्र घराघरात पाहून हसण्यात आली. त्या हसण्याचे आम्हाला आजही वैषम्य वाटते. पोलिसाच्या काठीला कायद्याचा आधार होता की नव्हता, हा प्रश्न पाहणाऱ्यांच्या मनात आलाच नाही.

येथे शब्दांविषयी थोडे बोलणे भाग आहे. ‘लॉकडाउन’ला मराठी वृत्तपत्रांनी ‘टाळेबंदी’ हा प्रतिशब्द दिला आणि तो रूढही झाला. पण हा शब्द मराठीत नवा नव्हता. गिरणीमालक कामगारांना बाहेर ठेवून दाराला कुलूप लावतो तेव्हा त्याला टाळेबंदी म्हणत. संप हे कामगाराचे हत्यार, टाळेबंदी हे मालकाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून मुंबईला गेलेल्या कुटुंबांना त्या कुलपांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अडतीस वर्षांनी तोच शब्द आरोग्याच्या पोशाखात परत आला. आम्हाला वाटते, प्रतिशब्द घडवणाऱ्यांच्या हातून नकळत सत्यच लिहिले गेले : दार आतून लावलेल्यांसाठी तो विसावा होता, आणि ज्यांची चूलच दाराबाहेर होती त्यांच्यासाठी ती जुन्या अर्थाची टाळेबंदीच होती.

‘सामाजिक अंतर’ या शब्दप्रयोगाची कथा याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असे म्हणावयास सुरुवात केली होती. आपल्याकडे मात्र सरकारी फलकांवर, दुकानांसमोर आखलेल्या चौकोनांवर, भ्रमणध्वनीच्या प्रत्येक घंटेआधी सामाजिक अंतर राखण्याचा उपदेश चालूच राहिला. ज्या समाजात सामाजिक अंतर राखण्याचे शास्त्र शतकानुशतके विकसित झाले, ज्याच्या विरोधात महाडला तळे गाठावे लागले, त्या समाजाच्या भाषेत हा शब्द वापरताना कोणाची जीभ अडखळू नये, याला काय म्हणावे? ‘कोरोनायोद्धे’ हा असाच आणखी एक सोयीचा शब्द. आशा सेविकेला योद्धा म्हटले की तिचे मानधन हा विषय किरकोळ ठरतो. योद्ध्याने मोबदला मागायचा नसतो. जून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो आशांना संपावर जावे लागले, ते याच योद्धेपणाच्या दुसऱ्या वर्षी. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. असो.

ज्या कायद्याच्या आधारे १३ मार्च २०२० पासून राज्यात हे सारे सुरू झाले तो साथरोग प्रतिबंधक अधिनियम १८९७ सालचा. तो प्लेगसाठी झाला आणि त्याचा सर्वांत कठोर अनुभव पुण्यानेच घेतला. रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरे तपासली, माणसे इस्पितळात आणि छावण्यांत हलवली, सामान बाहेर काढून जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेव्हाचे पुणे ‘ऐकत नव्हते’, आणि त्या न ऐकण्याचा आपण आज अभिमान बाळगतो. त्याच साथीत पाठीवरून रुग्ण वाहून नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, हे मात्र आपण वेगळ्या पानावर वाचतो. वास्तविक ही दोन्ही पाने एकत्र वाचली पाहिजेत. रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज सावित्रीबाईंनाही मान्य होती. त्यासाठीच यशवंतरावांनी गावाबाहेर दवाखाना काढला होता. टिळकांचाही स्वच्छतेला आणि विलगीकरणाला विरोध नव्हता. हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभे करण्यात त्यांचा हात होता. भांडण उपायाशी नव्हते. उपाय करणाऱ्याने माणसाला माणूस मानले की नाही, याचे ते भांडण होते.

१८९७ चा हुकूम परक्याने काढला, त्यामुळे त्याच्याशी भांडणे सोपे होते. २०२० चा हुकूम आपलाच होता, आणि त्याची अंमलबजावणी शेजाऱ्याने केली. हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. प्लेगच्या काळी उंदीर पडू लागले की सारे गावच घरे सोडून रानात जाई, शेतांत झोपड्या घालून राही, आणि साथ ओसरली की एकत्र परत येई. त्या आठवणी जुन्या माणसांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत होत्या. यावेळी गाव रानात गेले नाही, गावाने वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. राज्यभर हेच चित्र होते : कुठे फांद्या, कुठे बैलगाडी आडवी, कुठे रस्त्यावर चर खणलेला. ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ असे फलक लागले. हे बाहेरचे कोण, तर याच गावातून पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेले भाऊ, चुलते, दीर. शिमग्याला आणि जत्रेला ज्यांची वाट पाहायची, ज्यांच्या वर्गणीतून देवळाचा कळस चढला, त्यांच्या डाव्या हातावरचा शाईचा शिक्का पाहून दारे लावली गेली. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवले. डबा कोणी द्यायचा, यावरून भाऊबंदकीतली जुनी बांधाची भांडणे वर आली.

रोग नवा होता, लस नव्हती, तालुक्याच्या ठिकाणीदेखील अतिदक्षतेची सोय बेताचीच. अशा वेळी गावाने भ्यावे हे स्वाभाविक होते. राज्यात सरकारी आकड्यांप्रमाणेच दीड लाखाच्या जवळपास माणसे या साथीत गेली. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या इस्पितळांच्या दारात खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी जे चालले होते ते ज्यांनी पाहिले, ते निर्बंधच नको होते असे म्हणणार नाहीत, आणि आम्हीही म्हणत नाही. आमचा आक्षेप असा की भीतीला नियमाचे अधिष्ठान मिळाले, तेव्हा काही जणांनी तिचा वापर आपले जुने हिशेब चुकते करायला केला, आणि त्यालाही आज्ञापालन हेच नाव मिळाले. अफवेने पेटलेला असाच एक जमाव १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे जमला आणि दोन साधू व त्यांचा वाहनचालक जिवानिशी गेले. त्या घटनेवर पुढे धर्माचे राजकारण पुष्कळ झाले. अनोळखी माणूस म्हणजे संकट, ही शिकवण त्या महिन्यात गावागावांत किती खोल रुजली होती, यावर फारसे कोणी बोलले नाही.

आणि ज्यांना आपले गावच शेकडो कोस दूर होते, त्यांचे काय? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून निघून भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते चालत होते. ‘रुळांवर झोपायचे कशाला?’ असे तेव्हा कितीतरी जणांनी विचारले. आठवडाभराने सर्वोच्च न्यायालयातही, रुळांवर झोपणाऱ्यांना कोण थांबवणार, अशा आशयाचे उद्गार निघाले. रस्त्याने जावे तर पोलीस अडवतात, म्हणून ते रुळांवरून चालत होते, हे उत्तर प्रश्न विचारणाऱ्यांना नको होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. ऊसतोड कामगार तर कारखान्यांच्या फडांवर अडकून पडले होते. त्यांना गावी जाऊ द्यावे की नाही, हे ठरायला १७ एप्रिल उजाडला. तोवर गाळप कुठे थांबले होते? ऊस अत्यावश्यक होता, तोडणारा नव्हता.

‘अत्यावश्यक’ या शब्दाची यादी कोणी केली याचा शोध कोणी तरी घ्यायला हवा. टोलवसुली २० एप्रिलला पुन्हा सुरू झाली. मद्याची दुकाने मे महिन्याच्या आरंभी उघडली. जिल्ह्याबाहेर जाणारी एस.टी. मात्र २० ऑगस्टपर्यंत निघाली नाही. देवळे दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. त्याच्या आदल्या आषाढीला, १ जुलैला, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरपूरला गेल्या होत्या. लाखोंचा वारकरी समाज त्या वर्षी घरी थांबला, आणि २०२१ लाही थांबला. जे वाटेत पाऊस, चिखल, आजारपण कशालाही जुमानत नाहीत ते थांबले. लोक ऐकत नाहीत म्हणणाऱ्यांनी या थांबण्याचा विचार जरूर करावा.

शाळांच्या बाबतीत आम्ही अधिक कडवटपणे लिहू शकलो असतो. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. ज्या मुलाने पहिलीत पाऊल टाकायचे होते ते थेट दुसरीच्या अर्ध्यात जाऊन बसले. आमच्या महाविद्यालयीन वर्गांचे स्वरूप निराळे, पण डोंगराकडेच्या वाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आवाज मिळण्यासाठी टेकाड चढून जावे लागे, आणि घरात एकच भ्रमणध्वनी असेल तर तो भावाच्या हाती जाई. पन्नास माणसांत लग्न उरकण्याची मुभा होती, आणि बापाला ती स्वस्तात पडली. हजेरीपटावरची काही मुलींची नावे त्या दोन वर्षांत पुसली गेली. त्यांचे पालक कायदा मोडणारे नव्हते. टाळेबंदीचा प्रत्येक नियम पाळणारी ती साधी माणसे होती.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले. टाळेबंदीत कलम १८८ खाली नागरिकांवर आणि विद्यार्थ्यांवर दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचेही राज्य सरकारने त्याच वर्षी जाहीर केले. म्हणजे न ऐकणाऱ्यांचा हिशेब मिटला. ऐकणाऱ्यांचा हिशेब कोणत्या कलमाखाली घ्यायचा?

प्लेगच्या साथीचे निदान कागद तरी उरले. सरकारी अहवाल आहेत, ‘केसरी’चे अंक आहेत, दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त आहे. २०२० मध्ये गावोगावी सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांच्या समित्या होत्या. कोण कुठून आला, कोणत्या वर्गखोलीत राहिला, कोणी डबा दिला, कोणाची तक्रार आली, हे पुष्कळ ठिकाणी शाळेच्या साध्या दोनशे पानी वहीत लिहिले गेले. अशा वह्या या परिसरातल्या गावांतून शोधून त्यांच्या प्रती करण्याचे काम आम्ही पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांपासून प्रकल्प म्हणून देतो. काही सापडल्या आहेत. एक रद्दीत गेली. एका ठिकाणी वही आहे, पण दाखवायला नकार मिळतो, कारण तिच्यात तक्रार करणाऱ्यांची नावे आहेत आणि ते व ज्यांच्याविरुद्ध तक्रार झाली ते, दोघेही अजून एकाच आळीत राहतात.