बोजा चढवणाऱ्यानेच उतरवला पाहिजे

तुमचा सातबारा शेवटचा कधी नीट पाहिलात? क्षेत्र आणि नाव नाही म्हणत मी, ‘इतर हक्क’चा रकाना.

वडिलांनी गावच्या सोसायटीचं कर्ज फेडलं, पावती ट्रंकेत ठेवली आणि विषय संपला असं समजले. ते गेल्यावर बहिणीचा हिस्सा वेगळा करायला निघालो तर बोजा जागच्या जागी! सोसायटी म्हणे जुनं दप्तर सापडत नाही, तलाठी म्हणे सोसायटीचं पत्र आणा. चार महिने हेलपाटे. देणं एक रुपया नाही.

कायदा नाही असं नाही. जमीन महसूल संहितेचं कलम १५० म्हणतं, फेरफार मंजूर होण्याआधी चावडीवर नोटीस लागली पाहिजे, संबंधितांना लेखी कळवलं पाहिजे. हरकत घेता येते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत प्रांतांकडे अपील. लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. पण हे सगळं चुकीची नोंद होताना कामाचं. नोंद बरोबर होती, कर्ज फिटलं, आणि उतरवायला कुणी आलंच नाही, तर?

बँकांपुरतं उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक: वैयक्तिक कर्ज (यात घरकर्जही आलं) पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. जिल्हा बँक, नागरी बँक, फायनान्स कंपन्या सगळे यात येतात. गावची विकास सोसायटी मात्र येत नाही, कारण ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाही. म्हणजे ज्याचं घर-फ्लॅट बँकेकडे तारण, त्याला संरक्षण. ज्याची दोन एकर सोसायटीकडे, त्याने चपला झिजवायच्या.

सहकार खात्याने हाच नियम सोसायट्यांना लावावा. पाच हजार झेपत नसतील तर पाचशे लावा, पण लावा. एका सचिवाकडे तीन-तीन गावं असतात हे मान्य. तरी बोजा चढवायला त्याला वेळ मिळतोच ना? ई-हक्कवर चढवायचा अर्ज आहे तसा कमी करायचाही आहे.

तोवर एक करा. कर्ज फिटलं की पावतीवर थांबू नका, बेबाकी दाखला घ्या, बोजा कमी करायचा अर्ज द्या आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. आमच्याकडे फक्त पावती होती.