मानधन की वेतन?

आपल्या व्यवसायात ‘मानधन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. सांगली-मिरजेच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारा आरएमओ, कराडच्या पंचकर्म केंद्रात दिवसभर राबणारी तरुण वैद्या, साताऱ्यातील औषधी दुकानात सायंकाळी दोन तास बसणारा वैद्य आणि आठवड्यातून एकदा येऊन जाणारा ज्येष्ठ चिकित्सक, या चौघांनाही जे मिळते त्याला आपण मानधनच म्हणतो. शब्द आदराचा आहे, त्यामुळे त्यावर कोणी प्रश्न विचारीत नाही. परंतु आयकर कायद्याच्या दृष्टीने या चौघांची जात एक नाही. ती एकच दाखविण्याची जी पद्धत आपल्या दोन जिल्ह्यांत रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम कायदा थोडक्यात पाहू. नोकराच्या पगारातून होणारी करकपात १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९२ खाली होत असे. वैद्य, वकील, अभियंता अशा स्वतंत्र व्यावसायिकांच्या शुल्कातून कपात करण्यासाठी १ जुलै १९९५ पासून कलम १९४-जे आले. तेव्हा कपातीचा दर ५ टक्के होता, १ जून २००७ पासून तो १० टक्के झाला. १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणाऱ्या आयकर अधिनियम २०२५ मध्ये पहिल्याचा क्रमांक ३९२ आणि दुसऱ्याचा ३९३ आहे. क्रमांक बदलले तरी भेद तोच आहे. पगारातील कपात नोकराच्या वर्षभराच्या संभाव्य कराचा हिशेब करून होते. कर शून्य असेल तर कपातही शून्य. व्यावसायिक शुल्कात असा हिशेब नाही. वर्षाची रक्कम ५० हजारांच्या वर गेली (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती) की सरसकट दहा टक्के कापले जातात.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. काही काळापूर्वी एक तरुण वैद्या माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. आमच्या भागातील एका खासगी रुग्णालयात ती महिना २५ हजारांवर काम करीत होती. सकाळी नऊला अंगठ्याचे यंत्र, सायंकाळी सातला सुटका, रविवारची पाळी आळीपाळीने, रजा हवी तर व्यवस्थापकाकडे अर्ज. पहिल्या वर्षी तिला पगारपत्रक मिळत असे. पुढच्या एप्रिलमध्ये सर्व निवासी वैद्यांना एकेक कागद सहीसाठी देण्यात आला. त्यावर ‘व्यावसायिक शुल्क’ असे शब्द होते. काम तेच, वेळ तीच, यंत्रही तेच. केवळ महिन्याच्या शेवटी हाती २५ हजारांऐवजी साडेबावीस हजार येऊ लागले. लेखापालाने समजूत घातली की हा तुमचाच पैसा आहे, विवरणपत्र भरले की परत मिळेल.

लेखापाल खोटे बोलला नाही. वर्षाचे उत्पन्न ३ लाख असल्याने करपात्रतेचा प्रश्नच नव्हता. शिवाय कलम ४४-एडीए खाली वैद्यासारख्या व्यावसायिकास एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याची मुभा २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून मिळाली. म्हणजे कर पगारदार म्हणूनही शून्य आणि व्यावसायिक म्हणूनही शून्य. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात ३० हजार रुपये वर्षभर सरकारकडे पडून राहतात आणि विवरणपत्र भरणाऱ्याची फी वेगळी द्यावी लागते. बँकेतील ठेवीच्या व्याजावरील कपात टाळण्यासाठी आपण जो पंधरा-जी फॉर्म देतो, तो व्यावसायिक शुल्कासाठी चालत नाही. कमी दराने कपात व्हावी म्हणून आयकर अधिकाऱ्याकडून दाखला मिळविता येतो, पण पंचवीस हजार मिळविणाऱ्या किती वैद्यांनी तो मागितला असेल? व्यवसाय कराचीही गंमत पाहा. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. तीच वैद्या ‘सल्लागार’ झाली की स्वतंत्र वैद्यकीय व्यावसायिक म्हणून वर्षाला अडीच हजार रुपये भरण्यास पात्र ठरते.

तथापि पैशाचा हा भाग मला दुय्यम वाटतो. तिला दिवस गेले तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत स्त्री कर्मचाऱ्यास पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा २०१७ च्या दुरुस्तीपासून मिळते. तिने अर्ज केला. उत्तर तोंडी मिळाले, “मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, सल्लागार आहात. सल्लागाराला कसली रजा?” बाळ चार महिन्यांचे झाल्यावर ती परत गेली, तेव्हा तिच्या जागेवर दुसरी ‘सल्लागार’ बसली होती.

या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाचा २०१५ चा एक निर्णय नेहमी पुढे केला जातो. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या, म्हणजे रुबी हॉल क्लिनिकच्या, डॉक्टरांना दिलेली रक्कम पगार की शुल्क असा वाद आयकर विभागाने उपस्थित केला होता. ठराविक रक्कम अधिक रुग्णांच्या शुल्कातील वाटा घेणाऱ्या डॉक्टरांना नोकर मानण्यास न्यायालयाने नकार दिला. वेळ ठरलेली असणे किंवा काही शिस्त पाळावी लागणे एवढ्यावरून कोणी नोकर होत नाही, कराराच्या सर्व अटी एकत्र पाहाव्या लागतात, ही त्यातील मुख्य भूमिका. निर्णय योग्यच आहे. नामांकित तज्ज्ञ आपली विद्या घेऊन रुग्णालयात येतो आणि रुग्ण त्याच्या नावाने येतात, तेथे मालक-नोकर असे नाते नसते. परंतु त्या प्रकरणात नोकरी नसल्याची खूण म्हणून जी गोष्ट लक्षात घेतली गेली ती अशी, की या डॉक्टरांना भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी असे काही मिळत नव्हते. तज्ज्ञाच्या बाबतीत ही खूण बोलकी आहे. पंचवीस हजारांच्या आरएमओला मात्र ती उलटी लागू केली जाते. तुला लाभ देत नाही, म्हणून तू नोकर नाहीस. आणि तू नोकर नाहीस, म्हणून तुला लाभ देत नाही. ज्वर आहे म्हणून अंग तापले आणि अंग तापले म्हणून ज्वर आहे, असे निदान आपण विद्यार्थ्याकडून तरी खपवून घेऊ काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात याचे सूत्र दिले आहे. काम काय करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पाहावे. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे याला त्यापुढे फारसे महत्त्व उरत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये २००० पासून ‘आयआर थर्टीफाइव्ह’ या नावाने ओळखले जाणारे नियम आहेत. कंत्राटदार म्हणून काम करणारी व्यक्ती खरोखर स्वतंत्र आहे की वेशांतर केलेला नोकर, हे ठरविण्याची जबाबदारी एप्रिल २०१७ पासून तेथील सरकारी संस्थांवर आली. त्यात तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवाही आली आणि बदली डॉक्टरांचे अर्थकारण बदलले. एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांनाही हाच नियम लागू झाला. तेथे तक्रार अशी की करापुरते नोकर मानतात, पण रजा आणि हक्क देत नाहीत. आपल्याकडे वेश वेगळा असला तरी परिणाम तोच. येथे कर वाचविण्याचा हेतू नसतो, कारण लहान वैद्याला कर लागतच नाही. येथे जबाबदारी वाचविली जाते.

द्रव्यगुणाचे अध्यापक संदिग्ध द्रव्ये शिकविताना रास्नेचे उदाहरण देतात. एकाच नावाखाली एका प्रांतात एक वनस्पती, दुसऱ्या प्रांतात दुसरीच. शहाणा वैद्य चिठ्ठीवरील नावावर विसंबत नाही, पुडी उघडून पाहतो. मानधनाची पुडीही तशीच उघडून पाहावयास हवी. मी स्वतः मंगळवारी आणि शुक्रवारी सांगलीला एका रुग्णालयात पंचकर्माचे रुग्ण पाहण्यास जातो. कोणत्या रुग्णास बस्ती द्यावयाची आणि कोणास नाही, हे मीच ठरवितो. कराडला माझे स्वतःचे चिकित्सालय आहे. एखाद्या शुक्रवारी गेलो नाही तर पैसे मिळत नाहीत आणि कोणी खुलासाही मागत नाही. माझ्या शुल्कातून दहा टक्के कापले जातात याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण मी खराच सल्लागार आहे. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर रात्रभर जागणारा मुलगा सल्लागार नाही, हे सांगण्यास वकील लागत नाही.

औषधी दुकानदार बंधूंनीही येथे थोडे थांबावे. आपल्या दुकानात बसणाऱ्या वैद्याचे शुल्क तो रुग्णाकडून स्वतः घेत असेल, तर आपला संबंध जागेपुरता. (विक्रीवरील टक्क्याचा विषय आज मुद्दाम बाजूला ठेवतो; तो स्वतंत्र आणि अधिक अप्रिय लेखाचा आहे.) आपण दरमहा ठराविक रक्कम देत असाल तर हिशेब वेगळा. दुकान एकट्याच्या मालकीचे असून मागील वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर व्यावसायिक शुल्कातून कपात करण्याचे बंधन नाही. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर उलाढाल कितीही असो, कपात करावीच लागते. कपात करावयाची राहिली तर दरमहा १ टक्का व्याज, आणि कापून सरकारात भरली नाही तर दीड टक्का. दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक घडते असे माझ्या ओळखीचे सनदी लेखापाल सांगतात. वैद्य बिचारा वर्षाअखेरीस आपल्या नावावरील जमा पाहतो तेव्हा तेथे काहीच नसते.

दुसऱ्यांना सांगताना स्वतःचेही सांगितले पाहिजे. माझ्या चिकित्सालयात तीन वर्षे एक तरुण वैद्य काम करीत होता. मी त्याला दर महिन्याच्या पाच तारखेला पाकिटातून पैसे देत असे आणि त्यालाही मानधनच म्हणत असे. कागद कसलाच नव्हता. त्याला घरासाठी कर्ज हवे होते, तेव्हा बँकेने उत्पन्नाचा पुरावा मागितला आणि तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याला देण्यासारखे माझ्याकडे काहीही नव्हते. वरील रुग्णालयाच्या व्यवस्थापकावर मी रागावतो तेव्हा हा प्रसंग आठवून माझा आवाज खाली येतो.

आपल्या संघटनेने दोन नमुने तयार करून सभासदांना द्यावेत अशी माझी सूचना आहे. एक नियुक्तिपत्राचा, दुसरा सल्लागाराशी करावयाच्या कराराचा. दुसऱ्या नमुन्यात अन्यत्र व्यवसाय करण्याची मुभा, चिकित्सेतील निर्णयाचे स्वातंत्र्य आणि शुल्काचा आधार हे तीन मुद्दे स्पष्ट असावेत. जो मालक हे तीन मुद्दे मान्य करण्यास तयार नसेल, त्याने पहिला नमुना भरावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यानुसार ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्यासही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. त्यामुळे ‘तुमची नेमणूक अकरा महिन्यांची’ हा जुना मंत्र आता कोणी अधिक उत्साहाने म्हणेल, याचीही दखल नमुना करताना घ्यावी लागेल. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या शाखांनी एकत्र बसून हे काम एका तिमाहीत होण्यासारखे आहे. मसुद्यासाठी माझ्या दोन रविवारांची तयारी आहे.

माझ्याकडील त्या वैद्यास मी उशिरा का होईना, नियुक्तिपत्र दिले. पगार आता धनादेशाने देतो. व्यवसाय कराचे महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, कापून भरतो. कर्ज त्याला दुसऱ्या खेपेस मिळाले.