विश्लेषण : वॉटर पार्कमध्ये डोळे चुरचुरतात, ते क्लोरीन जास्त झाल्याने की कमी पडल्याने?

सुट्टी लागली की मुलांचा पहिला हट्ट वॉटर पार्कचा असतो. खोपोली-लोणावळ्याच्या पट्ट्यात ही सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची सहल. अमेरिकेत मात्र हाच प्रकार छपराखाली, हॉटेलसकट आणि बाराही महिने चालतो. शिकागोहून विस्कॉन्सिन डेल्स आणि न्यू जर्सीहून पोकोनोज गाडीने काही तासांवर असल्याने तिथल्या मराठी कुटुंबांनाही बाहेर बर्फ असताना आत पोहण्याचा हा पर्याय सोयीचा पडतो. अशा ठिकाणी कुटुंब दोन-तीन दिवस जवळपास पूर्ण वेळ पाण्यात असते. मग ते पाणी आणि वरची हवा सुरक्षित आहे, हे ओळखायचे कसे?

इनडोअर वॉटर पार्क रिसॉर्ट म्हणजे नेमके काय?

खुल्या वॉटर पार्कचा धंदा ऋतूवर चालतो. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात तर उन्हाळ्याचे तीन-चार महिनेच हाती असतात. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये विस्कॉन्सिन डेल्समधील पॉलिनेशियन या हॉटेलने पाण्याचे खेळ छपराखाली आणले आणि हिवाळ्यातही खोल्या भरू लागल्या. पुढे ग्रेट वुल्फ लॉज आणि कलहारी या साखळ्यांनी हे गणित पक्के केले. पोकोनोजमधील कलहारीचा इनडोअर भागच सुमारे २ लाख २० हजार चौरस फुटांचा आहे. जर्मनीत बर्लिनजवळ तर हवाई जहाजे बांधण्यासाठी उभारलेल्या, १०७ मीटर उंचीच्या रिकाम्या हँगरमध्ये २००४ पासून ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ सुरू आहे.

यातल्या अनेक ठिकाणी खोलीच्या भाड्यातच पार्कचा प्रवेश येतो. त्यामुळे ‘पैसे वसूल’ करण्यासाठी आल्या दिवसापासून निघायच्या दिवसापर्यंत मुले पाण्यातच असतात. लहानग्यांसाठी उथळ तळे आणि डोक्यावर रिकामी होणारी मोठी बादली, मोठ्यांसाठी घसरगुंड्या, सगळ्यांसाठी लेझी रिव्हर आणि वेव्ह पूल, आजी-आजोबांसाठी गरम पाण्याचा टब. उन्हाळ्यात दार उघडून बाहेरच्या भागातही जाता येते. पाहुण्यांच्या दृष्टीने आतला आणि बाहेरचा भाग सारखाच. पाण्याच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘क्लोरीनचा वास’ कशाचा असतो?

आपल्याकडे नळाला वास आला की ‘आज ब्लीचिंग जास्त टाकलंय’ असे म्हणतात. तलावाच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. नीट राखलेल्या तलावाला तीव्र वास येत नाही. घाम, लघवी, त्वचेवरचा मळ आणि क्रीम यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. वास त्यांचा असतो. डोळे लाल होणे आणि खोकला येणे हेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. म्हणजे वास जितका उग्र, तितके क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्च झालेले आणि जंतू मारायला कमी उरलेले, अशी शक्यता जास्त.

खुल्या तलावात क्लोरामाइन वाऱ्याबरोबर निघून जाते. छपराखाली ते पाण्याच्या पृष्ठभागालगत साचते, म्हणजे नेमके पोहणाऱ्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर. त्यात घसरगुंड्या, कारंजी आणि बादल्या पाणी उडवत राहतात, त्यामुळे ही संयुगे अधिक वेगाने हवेत मिसळतात. हिवाळ्यात बाहेरची थंड हवा आत घेऊन ती तापवायची तर विजेचे आणि गॅसचे बिल वाढते. त्यामुळे आतलीच हवा फिरवत राहण्याचा मोह व्यवस्थापनाला होऊ शकतो.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. २००७ मध्ये ओहायोतील एका हॉटेलच्या इनडोअर वॉटर पार्कमध्ये डोळ्यांच्या आणि श्वसनाच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने तपास केला. पाण्यापासून दूर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा जीवरक्षकांना हा त्रास जास्त होता आणि हॉटेलमध्ये गर्दी असलेल्या दिवशी तो वाढत होता. वायुवीजनाची व्यवस्था अपुरी पडत असल्याकडेही तपासाने बोट दाखवले. दम्याचा त्रास असलेल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी.

बाहेरच्या तलावाचे दुखणे कोणते?

तिथे शत्रू ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण क्लोरीन झपाट्याने नष्ट करतात. ते टिकावे म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल घालतात. त्याचे प्रमाण वाढत गेले तर क्लोरीन टिकते, पण जंतू मारण्याचा त्याचा वेग मंदावतो. चाचणीत आकडा ठीक दिसतो आणि काम मात्र धड होत नाही.

पीएचचेही असेच आहे. पीएच ७.२ च्या आसपास असेल तर क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग प्रभावी रूपात असतो; ८ वर गेला की तो पाव भागापर्यंत घसरतो. म्हणून ‘आम्ही क्लोरीन टाकतो’ हे उत्तर अर्धेच. ‘पीएच किती?’ हा प्रश्नही विचारायला हवा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मते तलावात मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम आणि गरम टबमध्ये किमान ३ पीपीएम असावे.

क्लोरीन पुरेसे असले की धोका संपतो?

नाही. १ पीपीएम क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो, कावीळ पसरवणाऱ्या हिपॅटायटिस ए विषाणूला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला ४५ मिनिटे. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र त्याच पाण्यात १० दिवसांहून अधिक काळ तग धरतो. त्याला कठीण कवच असते आणि आकार इतका लहान की नेहमीच्या वाळूच्या गाळणीतूनही तो निसटतो. जुलाब होत असलेले एक मूल पाण्यात उतरले आणि इतरांच्या पोटात ते पाणी गेले, एवढे पुरते.

२००० ते २०१४ या काळात अमेरिकेत प्रक्रिया केलेल्या तलावांशी संबंधित ४९३ उद्रेकांची नोंद झाली. किमान २७,२१९ जण आजारी पडले आणि आठ जण दगावले. ज्या उद्रेकांमागचा जंतू निश्चित झाला, त्यांतील ५८ टक्के क्रिप्टोस्पोरिडियमचे होते. एकूण उद्रेकांपैकी जवळपास एक-तृतीयांश हॉटेलांतील होते. नियम आणि तपासणी असलेल्या देशाचे हे आकडे आहेत.

यावर तांत्रिक उपाय आहे. पाणी गाळणीनंतर अतिनील दिव्यांखालून किंवा ओझोनमधून नेले तर हा परजीवी निष्प्रभ होतो. अतिनील दिव्यांनी क्लोरामाइनही कमी होते. खर्च वाढतो, पण नवी घसरगुंडी उभारण्यापेक्षा हा खर्च अधिक कामाचा. त्याची जाहिरात होत नाही, हीच अडचण.

पालकांच्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, आणि निदान क्रिप्टोस्पोरिडियमचे असेल तर बरे झाल्यावरही दोन आठवडे थांबावे. तिकिटे आधीच काढलेली असली तरीही. पोहण्यापूर्वी मिनिटभर शॉवर घेतला तरी क्लोरामाइन बनवणारा बराच मळ निघून जातो. ‘स्विम डायपर’ जुलाब रोखत नाही. तो तासातासाला, तोही पाण्यापासून दूर, तपासावा लागतो.

नायलॉनचे कपडे आणि उंचीची अट कशासाठी?

नायलॉनच्या कपड्यांची सक्ती म्हणजे भाड्याने कपडे देण्याचा धंदा, असा अनेकांचा समज आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. पण सुती कपडे पाणी शोषून जड होतात, त्यांचे तंतू गाळणीत अडकतात आणि सैल ओढणी घसरगुंडीवर गुंतू शकते. उंची आणि वजनाची अट तर थेट भौतिकशास्त्रातून येते. कॅन्सस सिटीतील ‘फेरुक्ट’ ही ५१ मीटर उंचीची घसरगुंडी २०१४ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये तिच्यावरचा तराफा हवेत उडाला आणि १० वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तोपर्यंत त्या राज्यात पार्कांना स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची मुभा होती. २०१७ मध्ये कायदा कडक झाला आणि पुढे ती घसरगुंडी पाडण्यात आली.

बुडण्याचा धोका मात्र उंच घसरगुंडीपेक्षा उथळ तळ्यात आणि वेव्ह पूलमध्ये अधिक जवळचा असतो. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. ते शांतपणे खाली जाते. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणातील एका प्रचलित निकषानुसार धोका १० सेकंदांत ओळखून पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचायचे असते. गर्दीच्या रविवारी हे किती अवघड, याचा अंदाज कोणालाही यावा. दंडाला लावायचे फुगे हे खेळणे आहे, लाइफ जॅकेटचा पर्याय नव्हे. चार मोठी माणसे सोबत असली की ‘कोणीतरी बघतंय’ असे प्रत्येकाला वाटते. म्हणून पाळी लावून, मोबाइल बाजूला ठेवून एकाने फक्त मुलांकडे पाहावे.

आत शिरताना काय तपासाल?

दार उघडताच उग्र वास आला किंवा पाच मिनिटांत खोकला सुरू झाला तर मुलांना बाहेर काढून व्यवस्थापनाला कळवावे. तळाची जाळी स्पष्ट दिसायला हवी. गढूळ पाण्यात बुडालेले मूलही दिसत नाही. पीएच आणि क्लोरीन मोजणाऱ्या पट्ट्या ऑनलाइन सहज मिळतात. पाण्यात बुडवून डबीवरच्या रंगांशी जुळवायच्या, एवढेच. शेवटची नोंद किती वाजता घेतली, ती दाखवा, असे विचारण्यातही गैर काही नाही. ज्या पार्कमध्ये ती वही नियमित भरली जाते, तिथे ती दाखवायला कर्मचारी फारसे आढेवेढे घेत नाहीत.