घेतलेल्या आज्ञावलीचे ऋण

घरात इंटरनेट आणणारा राउटर, दूरचित्रवाणीचा संच किंवा खिशातील फोन ही वरवर पाहता यंत्रे होत. परंतु त्यांना चालविणारी आज्ञावली आत नसेल, तर ती केवळ धातूचे व काचेचे तुकडे ठरतील. पुष्कळ उपकरणांत ह्या आज्ञावलीचा गाभा ‘लिनक्स’ हा असतो. तो उपकरण करणाऱ्या कारखान्याने लिहिलेला नसतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्यास प्रारंभ केला आणि पुढे जगभरच्या हजारो जाणकारांनी तो वाढविला. तो घेण्यास पैसे पडत नाहीत. मात्र विनामूल्य मिळणारी वस्तू विनाअट मिळते असे नाही. उपकरणांच्या कारखानदारांस ह्या भेदाचा वारंवार विसर पडतो, आणि त्याचे फळ ग्राहकास भोगावे लागते.

ही अट कोणती, हे समजण्यास आज्ञावलीची दोन रूपे ध्यानात घेतली पाहिजेत. एक रूप माणसास वाचता व बदलता येते. त्यास ‘सोर्स कोड’ म्हणतात. त्यावरून तयार होणारे दुसरे रूप केवळ यंत्रास कळते, आणि उपकरणात तेवढेच भरलेले असते. लिनक्स ज्या परवान्याखाली दिला जातो, तो ‘जनरल पब्लिक लायसन्स’ ह्या परवान्याचा १९९१ चा दुसरा मसुदा होय. त्यानुसार यंत्ररूप विकणाऱ्याने मूळ सोर्स कोड सोबत तरी द्यावा, किंवा तो मागणाऱ्यास देण्याचे निदान तीन वर्षे टिकणारे लेखी आश्वासन तरी द्यावे. प्रत करून देण्याच्या खर्चाहून अधिक मोबदला त्यासाठी घेता येत नाही. अट मोडणाऱ्याचा आज्ञावली वापरून विकण्याचा अधिकारच संपुष्टात येतो.

अट पाळल्याने काय साधते, ह्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. ‘लिंक्सिस’ कंपनीच्या एका राउटरमध्ये लिनक्स असूनही त्याचा सोर्स कोड दिलेला नाही, हे २००३ साली जाणकारांच्या लक्षात आले. त्यांनी पाठपुरावा केल्यावर कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. कारखान्याने ज्यांच्याकडे पाठ फिरविली, अशा कित्येक जुन्या राउटरांतील दोष ह्या प्रकल्पामुळे दुरुस्त होऊ शकले. त्याच वर्षी म्युनिक येथील न्यायालयाने हा परवाना बंधनकारक असल्याचा निर्णय दिला.

हा आग्रह परदेशातून आलेला आहे, असे मात्र कोणी मानू नये. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि ‘एन्कोअर’ कंपनीतील अभियंत्यांनी मिळून १९९९ साली ‘सिम्प्यूटर’ न्यास स्थापन केला. निरक्षर माणसासही वापरता यावा असा हातात मावणारा स्वस्त संगणक निर्माण करणे, हा त्यांचा हेतू होता. त्यात लिनक्स होता. पण न्यासाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. संगणकाच्या यंत्ररचनेचे आराखडेही त्याने तशाच धर्तीच्या परवान्याखाली इतरांस खुले केले आणि सुधारणा करणाऱ्याने त्या कालांतराने सर्वांस परत द्याव्यात, अशी अट घातली. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा’ नावाने हा संगणक बाजारात आला. अपेक्षेइतका खप झाला नाही, हे खरे. तथापि जे घेतले त्याचे ऋण मान्य करूनही उपकरण निर्माण करता येते, हे ह्या शहराने दाखवून दिले.

कारखानदारांची सबब अशी असते की, चिप व तिची आज्ञावली दुसऱ्याकडून आली. सोर्स कोड आमच्यापाशी नाही. परवाना ही सबब मानीत नाही. जो विकतो तो उत्तरदायी. म्हणूनच पुरवठादाराशी करार करतानाच सोर्स कोड मागून घ्यावयास हवा. व्यापारातील गुपिते उघडी पडतील, ही भीतीही अवास्तव आहे. स्वतंत्रपणे लिहिलेल्या निराळ्या आज्ञावल्यांना हे बंधन लागू होत नाही. आणि अट जाचक वाटणाऱ्यास आपली आज्ञावली स्वतः लिहिण्याची मोकळीक आहेच.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सध्याच्या स्वरूपात संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयकृती मानली जाते. दुसऱ्याचे पुस्तक परवानगीवाचून छापून विकणे अनुचित असेल, तर हेही तितकेच अनुचित होय. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा आशय यंत्रांच्या खरेदीपर्यंत पोहोचला पाहिजे. शाळेने वा ग्रंथालयाने उपकरण घेताना निविदेतच एक वाक्य घालावे: आतील मुक्त आज्ञावलीचा सोर्स कोड विक्रेत्याने द्यावा. असे वाक्य घालण्यास पैसा पडत नाही. ते नसेल, तर कारखान्याने हात वर केले की सार्वजनिक पैशाने घेतलेले चांगले यंत्र अडगळीत जाते. आणि त्याचे अंतरंग वाचून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर दार बंदच राहते.